मदत हवी आहे: बॉक्स लावला, चित्र आलं, आवाज कुठाय?

मंडळी, खानापूरला घरी जुना डबा टीव्ही आहे, एचडीएमआय (चित्र-आवाज एकाच वायरीने घेणारं नवं सॉकेट) नाही. आईला मराठी मालिका हव्यात (केबलवर कन्नडचीच रांग), म्हणून अँड्रॉइड बॉक्स (टीव्हीवर इंटरनेटची अ‍ॅप दाखवणारा) घेतला, बेळगावच्या खडेबाजारातून एचडीएमआय-टू-एव्ही कन्व्हर्टर (बॉक्सचा सिग्नल जुन्या टीव्हीजोगा करणारा) आणला आणि पिवळी-पांढरी-लाल पिन जोडली. चित्र काळंपांढरं यायचं. कन्व्हर्टरवरचं बारकं बटण एनटीएससीवरून (अमेरिकेकडची रंगपद्धत) पीएएलवर (आपल्याकडची) सरकवलं, तेव्हा रंग आले. आता घोडं आवाजावर अडलंय. यूट्यूबला छान येतो, मालिकांच्या एका अ‍ॅपमध्ये मात्र नुसते ओठ हलतात! बॉक्सच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑटो' आहे. डॉल्बी (सराउंड आवाजाची पद्धत) बंद करून पीसीएम (साधा डिजिटल आवाज) निवडू का? की कन्व्हर्टरच गंडलाय? कुणी असं जोडलं असेल तर सांगा. फक्त नवा टीव्ही घ्या म्हणू नका, आई ऐकायची नाही.