एका दुकानाची चौदा दुकानं झाली, तेव्हा तुमचं काय झालं?

भावाला परवा बढती मिळाली. सात महिन्यांची नोकरी आणि थेट लातूरच्या नव्या शाखेचा फ्लोअर मॅनेजर. पगारवाढ अठराशे, तिथल्या खोलीचं भाडं चार हजार. पेढे वाटून झाल्यावर आईने हिशेब मांडला. नवं दुकान उघडलं की फीत कापल्याचा फोटो येतो. आत उभं राहणाऱ्यांचे अनुभव इथे लिहा. आपल्या कंपनीचं नाव नको.

दुपारची_शिफ्ट
मी सांगलीत साड्यांच्या दुकानात २०११ ला लागले. तेव्हा एकच दुकान, गल्ल्यावर स्वतः शेठ. मुलाच्या फीसाठी उचल मागितली की तिथल्या तिथे पैसे हातात आणि वहीत नोंद. दिवाळीत उशीर झाला तर घरापर्यंत रिक्षा. मग सहा वर्षांत चौदा शाखा झाल्या. दर नव्या शाखेला आमच्यातले दोन-तीन जाणते जायचे. शेवटी मूळ दुकानात जुनी मी एकटी. साडी उलगडून दाखवायची, गिऱ्हाईक नको म्हणालं की पुन्हा त्याच घडीवर बसवायची, याला हात बसायला दोन महिने लागतात. नव्या मुलींना सहा दिवस मिळायचे. चुरगळलेल्या मालावरून बोलणी मला.
उचलीसाठी आता पुण्याला मेल करायचा. ‘पॉलिसीत बसत नाही’ असं उत्तर आलं, तेही दीड महिन्याने. शेठ एका उद्घाटनाला भेटले. नावाने हाक मारली, बरं वाटलं. पण ते बोलायला थांबले नाहीत.

गोडाऊनवाला
आमच्याकडे गणपतीआधी उघडायचंच, असा हट्ट. रॅक लागले नव्हते आणि ट्रक दारात. मोजायला माणूस नाही, ‘सही करा, नंतर बघू’. तीन महिन्यांनी स्टॉक कमी भरला, तो सगळ्यांच्या पगारातून कापला. सही माझी, त्यामुळे माझे जास्त.

तूरडाळ
माझं मात्र भलं झालं. बारावी नापास, पॅकिंगला लागलो, पाच वर्षांत शाखा सांभाळतोय. एकच दुकान असतं तर वरचा माणूस म्हातारा होईपर्यंत डाळच भरत बसलो असतो. आणि ताई, शेठच्या उचलीचं कौतुक मान्य, पण पीएफ होता का? वीस माणसं झाली की तो कायद्यानेच लागतो. आमचा शाखा वाढल्यावरच सुरू झाला.

दुपारची_शिफ्ट
नव्हता. ते खरं आहे.

जुना_हिशेबनीस
भराभर वाढ नेहमी भरभराटच असते असं नाही. चेन्नईची ‘सुभिक्षा’ ही किराणा दुकानांची साखळी १९९७ मध्ये सुरू झाली, २००८ पर्यंत दुकानं सोळाशेच्या घरात गेली. वाढ कर्जावर होती, खेळतं भांडवल आटलं. २००९ च्या सुरुवातीला शटर खाली. माल देणाऱ्यांबरोबर कामगारांचे पगारही थकले.

बिलिंग_चार
नव्या शाखेत काउंटरला स्टूल नाही. डिझाइनमध्ये बसत नाही म्हणे. आम्हीही बसत नाही मग. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत बसायची सोय कायद्याने सक्तीची केली, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

धागाकर्ती
सगळं भावाला वाचून दाखवलं. त्याने एवढंच विचारलं, लातूरला माल उतरेल तेव्हा मोजणीला किती माणसं आहेत. त्याने फोन लावलाय, साहेब मीटिंगमध्ये आहेत.