शब्दचर्चा: ‘मॅपिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, खानापूरहून
मामांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे. ऑपरेशन चालू असताना त्यांना जागं ठेवून भाषेचं ‘मॅपिंग’ करणार, असं डॉक्टर म्हणाले. आजीला मी ‘मेंदूचा नकाशा काढणार’ असं सांगितलं, तर ती म्हणते, ‘नकाशा काढायला डोकं कशाला उघडायला हवं?’ ‘वाचा तर जाणार नाही ना?’ हेही सारखं चाललंय. मामा घरात मराठी, दुकानात कन्नड बोलतात. तिला सांगायला नेमका शब्द कोणता?

उत्तर, बेळगावहून
ताई, आजींचं बरोबर आहे. नकाशा शेवटी हाती येतो. काम असतं ते चाचपणीचं. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, म्हणून डोक्याची कातडी बधिर करून पेशंटला जागं ठेवता येतं. सर्जन एकेका जागी अगदी सौम्य वीज लावतात, तेवढ्यात पेशंटनं चित्रातल्या वस्तूचं नाव सांगायचं. नाव अडलं की त्या जागी आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवतात आणि तो भाग वाचवायचा प्रयत्न करतात. शेताच्या मोजणीत हद्दीचे दगड रोवतात, तसंच. ‘मोजणी’ही चालेल, पण ‘चाचपणी’त हाताची सावधगिरी आहे.

‘वाचा जाणे’ मात्र इथे ढोबळ पडतं. 1861 मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसजवळ तपासलेल्या रुग्णाला बरंचसं कळायचं, पण तोंडातून बहुतेक वेळा ‘टॅन’ एवढंच निघायचं. ती वाचा गेलेली. अडकित्त्याचं चित्र बघून जो ‘ते... सुपारी कातरायचं’ म्हणतो, त्याची वाचा शाबूत असते, अडलेलं असतं ते नाव. त्याला ‘शब्द अडणे’ म्हणावं.

उत्तर, निपाणीहून
चाचपणी दोन्ही भाषांत करणार का, हे आधी विचारून घ्या. काही जागी वीज लावली तर दोनपैकी एकच भाषा अडते, हे ओजेमन आणि व्हिटेकर या मेंदू-भाषेच्या अभ्यासकांनी 1978 मध्येच दाखवलंय. चित्रंही बघून निवडायला हवीत. चमचा, चाकू कन्नडमध्येही जवळपास तसेच, त्यामुळे कोणती भाषा बोलली ते समजणार नाही. मांजर-बेक्कु, घर-मने अशा जोड्या हव्यात.

आणि आपल्या मराठीची एक गंमत आहे. कन्नडमध्ये मांजर असो की घर, सुरुवात ‘इदु’नंच. आपल्याला मात्र ‘हा, ही, हे’ आधीच निवडावं लागतं. किल्ली दाखवल्यावर मामा ‘ही...’ म्हणून थांबले, तर शब्दाचं लिंग आलेलं असू शकतं, शब्द आलेला नसतो. नुसतं ‘उत्तर आलं नाही’ असं लिहिलं तर हे निसटेल. कार्डं दाखवणाऱ्या माणसाला मराठी नीट येते ना, तेवढं बघा.

पुन्हा खानापूरहून
आजीला ‘चाचपणी’ लगेच पटलं. ‘दळणातला खडा बघतो तशी ना?’ म्हणाली. हो म्हटलं. फोटो काढायला तिनं मामांचा रोजचा अडकित्ता काढून दिलाय. पण ‘अडकित्ता’ हा शब्द मुळात कन्नडमधून आलेला. मग हे कार्ड मराठीच्या गठ्ठ्यात ठेवू, की बाजूलाच?