लोक मानत नसतानाही जे टिकलं, ते कशामुळे? (अनुभव धागा)

खरं असेल ते कधी ना कधी वर येतंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण वर येईपर्यंतच्या मधल्या वर्षांत ते कुणीतरी सांभाळलेलं असतं, आणि त्या सांभाळण्याला एक रीत असते. वही, पडताळा, पाठांतर, नेम. बहुतेकांचा विश्वास नसताना एखादं सत्य किंवा एखादी श्रद्धा तग कशी धरते, याबद्दल ज्यांचा त्या त्या विषयात हात बसला आहे त्यांनी लिहावं, ही विनंती. आठवणींपेक्षा कामाचा अनुभव हवा आहे: काय करतात, किती करतात, कुठे चुकतं आणि का. श्रद्धा विरुद्ध विज्ञान हा वाद मात्र इथे नको. दोन्हीकडच्या जाणकारांना आग्रहाचं आमंत्रण.

रुग्णालयातील संसर्ग-नियंत्रण

डॉक्टरांना हात धुवायला लावणारे डॉक्टर सेमेलवाइस यांचं नाव येणारच, म्हणून आधी आकडे देते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तिनांहून कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच तपासणीला येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. मे १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्युमान जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं.

एवढे स्पष्ट आकडे असून लोकांनी मानलं का नाही? हातावर नेमकं काय असतं याचं उत्तर तेव्हा नव्हतं. त्यात दोष थेट डॉक्टरांच्या हातांवर येत होता. आणि सविस्तर पुस्तक यायला १८६१ उजाडलं. १८६५ मध्ये सेमेलवाइस वारले. लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख १८६७ चे.

आज हे कुणी नाकारत नाही, तरी हात नीट धुतले जात नाहीत, आणि आमचं सगळं काम त्या फटीत आहे. अल्कोहोलयुक्त द्राव २० ते ३० सेकंद चोळायचा. साबण-पाण्याला सगळं मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. हमखास राहतात ते अंगठे आणि बोटांची टोकं, कारण माणूस तळव्यावर तळवा चोळतो आणि थांबतो. द्राव कमी घेतला की तो वेळेआधीच वाळतो. चमकणारा रंग मिसळलेला द्राव चोळून अतिनील दिव्याखाली हात धरले की राहिलेली जागा काळी दिसते. दहा व्याख्यानांनी होत नाही ते या एका दिव्याने होतं. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. देखरेख करणारी व्यक्ती समोर उभी असली की सगळेच हात धुतात, म्हणून त्या निरीक्षणाच्या जोडीला दर हजार रुग्ण-दिवसांमागे किती लिटर द्राव संपला हेही मोजावं.

सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा

जठरातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं. पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. १९८१ मध्ये बॅरी मार्शल त्यांच्यासोबत आले. दिसत होते, पण वाढत नव्हते. कारण नेहमीच्या पद्धतीप्रमाणे दोन दिवसांत काही उगवलं नाही की जंतू वाढवायची बशी फेकून दिली जायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि वसाहती दिसल्या. जंतू हळू वाढणारा होता, आणि कामाची पद्धत घाईची होती. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते: पुरावा नव्हता असं नाही, पुराव्याला लागणारा वेळच दिला जात नव्हता.

हा जंतू, म्हणजे हेलिकोबॅक्टर, वाढवायचा तर ३७ अंश सेल्सिअस, सुमारे ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर दमटपणा लागतो. पहिल्या वसाहती साधारण तीन ते पाच दिवसांनी दिसतात, आणि 'नाही' असा अहवाल द्यायला आठवडाभर तरी थांबावं. नमुना कोरडा पडला किंवा बराच वेळ खोलीच्या तापमानाला राहिला की जंतू मरतो आणि अहवाल खोटा 'नाही' येतो.

जंतूतल्या युरिएज या विकरावरची (एन्झाइम) चाचणी झटपट होते. तुकडा टाकल्यावर पिवळी गोळी गुलाबी-लाल होते. पण रुग्ण आम्ल कमी करणारी पीपीआय गोळी घेत असेल तर जंतूंची संख्या घटते आणि चाचणी चकवते. ती गोळी दोन आठवडे, प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात (अर्थात डॉक्टरांना विचारूनच). रक्तस्राव चालू असेल तरी खोटा नकार येऊ शकतो.

एक दुरुस्ती करायला हवी, कारण पोटातले व्रण (अल्सर) या जंतूमुळे होतात हे मार्शल यांनी जंतू पिऊन सिद्ध केलं, अशी गोष्ट फुगवून सांगितली जाते. मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं मिश्रण स्वतः प्यायलं, त्यातून जठराचा दाह सिद्ध झाला, व्रण नाही. व्रणाचा संबंध पक्का झाला तो जंतू नष्ट केल्यावर व्रण पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं हे रुग्णांवरच्या चाचण्यांत दिसल्यावर. नोबेल २००५ मध्ये मिळालं.

स्फटिकशास्त्र

८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगेनीज मिश्रधातूच्या इलेक्ट्रॉन विवर्तन चित्रात दहा-दहा ठिपक्यांची कडी दिसली. नियमित पुनरावृत्ती असलेल्या स्फटिकात दोन, तीन, चार आणि सहा एवढ्याच पटींची सममिती बसते (म्हणजे एका पूर्ण फेरीत रचना तेवढ्या वेळा जशीच्या तशी दिसते). तेव्हा पहिला आक्षेप उघड होता: हे जुळे स्फटिक असतील, वेगवेगळ्या कोनांत चिकटलेले, आणि त्यांचे ठिपके एकावर एक पडत असतील. नामवंत रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग शेवटपर्यंत याच मतावर राहिले.

हा आक्षेप रागाने सुटत नाही, सूक्ष्मदर्शकावर सुटतो. एक ठिपका निवडून फक्त त्याच्याच किरणांनी 'डार्क फील्ड' चित्र घ्यायचं. जुळे असतील तर कणाचा एकच तुकडा उजळतो, आणि दुसरा ठिपका निवडला की दुसरा तुकडा. खरी सममिती असेल तर प्रत्येक ठिपक्याला अख्खा कण उजळतो. मग क्षेत्र लहान करत जायचं आणि चित्र तसंच राहतं का पाहायचं. मग नमुना कलवून अक्षांमधले कोन मोजायचे: वीस पृष्ठांच्या आयकोसाहेड्रनमध्ये पाच पटींच्या सममितीच्या दोन अक्षांत ६३.४ अंश यायलाच हवेत. नवशिके इथे पहिल्याच सुंदर चित्रावर थांबतात. चित्र कितीही सुंदर असलं तरी एका अक्षावरून काही सिद्ध होत नाही.

लेख नोव्हेंबर १९८४ मध्ये छापून आला. तरी क्ष-किरणवाले समाधानी नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं: त्यांना मोठा स्फटिक लागतो, आणि सेकंदाला लाखो अंशांनी थंड केलेल्या पट्टीत कण काही मायक्रोमीटरचेच होते. १९८७ मध्ये ॲल्युमिनियम-तांबं-लोखंड मिश्रणात सावकाश थंड करूनही टिकणारे मोठे कण मिळाले आणि तो प्रश्न निकाली निघाला. १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्याच बदलली, २०११ मध्ये नोबेल.

भौतिकशास्त्र, मापन

वरचं सगळं मान्य, पण एक सांगणं भाग आहे. लोक मानत नाहीत, हा कशाचाही पुरावा नाही. १९०३ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्लाँडलो यांनी 'एन-किरण' जाहीर केले. ते मोजायचे कसे, तर अंधारात मंद ठिणगी थोडी उजळते का ते डोळ्यांनी पाहून. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात उपकरणातला लोलक (प्रिझम), ज्याच्याशिवाय काही दिसायलाच नको होतं, हळूच काढून घेतला. निरीक्षणं तशीच चालू राहिली. ब्लाँडलो यांची निष्ठा कुणापेक्षा कमी नव्हती, पण ती तपासायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

म्हणून स्वतःच्या निष्कर्षाशी असं वागावं. नमुन्यांना तिसऱ्या व्यक्तीने क्रमांक द्यावेत आणि यादी बंद पाकिटात ठेवावी. नमुने हाती देणाऱ्यालाही कोणता कोणता हे ठाऊक नसावं, कारण चेहरा बोलतो. किती फेऱ्या आणि किती बरोबर आल्यास मान्य, हे आधी लिहून तारीख घालावी. दोनच पर्याय असतील तर २० फेऱ्यांत १५ किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या अंदाजाने सुमारे २ टक्के वेळाच घडतं. बहुतेकदा घात होतो तो मध्येच थांबल्याने: १२ पैकी १० आले, झालं सिद्ध! असं थांबत गेलं तर काहीही सिद्ध होतं. डब्यांचं वजन, तापमान, लेबलावरचं अक्षर यांतूनही उत्तर फुटतं.

भूगणित

थोडक्यात. वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात हे मांडलं आणि १९३० मध्ये ते ग्रीनलंडमध्ये वारले, तोवर बहुतेक भूवैज्ञानिक ते नाकारतच होते. ढकलणारं बळ त्यांना दाखवता आलं नाही. शिवाय ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असं त्यांनी धरलं. ती जुन्या रेखांश-मोजणीतली चूक होती. खरा वेग काही सेंटीमीटरांचा. मूळ म्हणणं बरोबर आणि आकडा चुकीचा, ही जोडी फार नुकसान करते, कारण टीकाकार आकडा पाडतात आणि म्हणणंही पडलं असं समजतात.

आता उपग्रहाचे संकेत टिपणाऱ्या जीपीएससारख्या उपकरणाने हे थेट मोजता येतं. अँटेना मातीत नाही, मूळ खडकात रोवलेल्या खांबावर हवी. पाऊस-बर्फाच्या ओझ्याने जमीन वर्षभरात खालीवर होते, म्हणून निदान अडीच वर्षांच्या सलग नोंदीशिवाय वेग सांगू नये. अँटेना बदलली की आलेखात उडी येते. बदलाची तारीख नोंदलेली नसली तर ती उडी भूकंपासारखी भासते.

धर्म-इतिहास

श्रद्धेच्या बाजूने जपानमधल्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती समाजाचं उदाहरण देतो. १६१४ मध्ये देशभर बंदी आली, १६४४ नंतर एकही पाद्री उरला नाही. प्रत्येकाची नोंद बौद्ध मंदिरात, पाच-पाच घरांचे गट एकमेकांना जबाबदार, आणि मूर्तीवर पाय ठेवून दाखवण्याची सक्ती. तरी १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले आणि फादर पेतिजाँ यांना म्हणाले की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. बंदीचे फलक उतरले १८७३ मध्ये.

दोनशेहून जास्त वर्षं हे नुसत्या भावनेवर चाललं नाही. कामं वाटलेली होती. 'चोकाता' पंचांग सांभाळी आणि सणवार काढून देई. 'मिझुकाता' बाप्तिस्मा देई. 'किकियाकु' घरोघर निरोप पोचवी. पाद्री नसला तरी बाप्तिस्मा चालतो, त्याला पाणी आणि ठरलेले शब्द पुरतात. म्हणून तोच संस्कार टिकला. कबुलीजबाबाला पाद्री लागतो, तो नव्हता. तिथे मनापासून पश्चात्तापाची प्रार्थना होती, आणि मूर्तीवर पाय ठेवून आल्यावर घरी तीच म्हणत. माणसाशिवाय चालेल तेवढंच त्यांनी मध्यभागी ठेवलं, ही माझ्या मते त्यांच्या टिकण्याची किल्ली.

झीज कुठे झाली? लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांत. अर्थ ठाऊक नसलेल्या प्रार्थना तोंडी उतरताना आवाज बदलत गेले. काही समूह तर बंदी उठल्यावरही चर्चमध्ये परतले नाहीत. पूर्वजांनी दिलं तेच खरं, असं मानून चालू राहिले.

वेदपाठ

वरच्या झिजेवरून लिहितो. तोंडी पाठाला पडताळा जोडला तर आवाज टिकतो. तीन पदं १, २, ३ धरा. क्रमपाठ: १-२, २-३. जटा: १-२, २-१, १-२. घन: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. एक पद गळलं की दोन्हीकडचे सांधे तुटतात आणि लगेच कानाला कळतं. उलटं म्हणताना सवयीची लय मदतीला येत नाही, त्यामुळे अंदाजाने भरलेला शब्द उघडा पडतो. मात्र हा पडताळा ध्वनीचा आहे. अर्थ वेगळा शिकवावा लागतो, नाहीतर शुद्ध पाठ करणाऱ्यालाही आपण काय म्हणतोय हे ठाऊक नसतं.

साधना-मार्गदर्शन

लोकांचा अविश्वास एकवेळ झेपतो. आतून सगळं कोरडं पडतं ते जड जातं. त्यासाठी जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचे सोळाव्या शतकातले नियम आजही वापरले जातात. मन कोरडं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थनेचा एक तास ठरला असेल आणि उठावंसं वाटत असेल, तर तासाच्या थोडं पुढे बसायचं, कमी नाही. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, झाडा, म्हणजे आपल्या दिवसाची आपणच केलेली तपासणी: आधी कृतज्ञता, मग प्रकाश मागणं, मग तासातासाने दिवस पाहणं, मग क्षमा, मग पुढचा निश्चय.

चुकतं ते असं. लोक तिसऱ्या पायरीवरच वेळ घालवतात आणि झाड्याचं रूपांतर स्वतःला बोल लावण्यात होतं. म्हणून कृतज्ञता पहिली आहे, ती गाळू नये. दुसरं, कोरडेपणा आणि आजार यांत गल्लत होते. झोप, भूक आणि रोजची कामं हीच आठवड्यामागून आठवडे बिघडली असतील तर नियमांचा आग्रह थांबवून डॉक्टरांकडे पाठवावं. तिसरं, 'निर्णय बदलू नका' हा नियम नीट विचार करून घेतलेल्या निर्णयापुरताच आहे. धाकाखाली किंवा घाईत घेतलेल्या निर्णयाला तो लावणाऱ्या मार्गदर्शकापासून दूर राहावं.