खंदकातील लढाईत पिस्तूल खरोखर किती सैनिकांकडे असे?

प्रश्न : इतिहास शिक्षक, सोलापूर
नववीच्या मुलांना भुईकोट किल्ला दाखवायला नेले असता, एका विद्यार्थिनीने विचारले की पहिल्या महायुद्धातील सैनिक अशाच खंदकात लढत होते काय. किल्ल्याचा खंदक शत्रूला अडवण्यासाठी असतो आणि युद्धातला खंदक सैनिकाला आडोसा देण्यासाठी, एवढे मी सांगितले. आता मुलांनी प्रदर्शनासाठी प्रतिकृती केली असून प्रत्येक सैनिकाच्या हाती पिस्तूल दिले आहे. हे बरोबर आहे काय?

उत्तर १ : निवृत्त सुभेदार, होटगी रस्ता
नमस्कार सर. साध्या शिपायाचे शस्त्र रायफल हेच होते; पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर मुख्यतः अधिकाऱ्यांना आणि मशीनगन चालवणाऱ्यांना मिळे. मात्र इतरांनाही ते हवेसे का वाटे, हे मुलांना जरूर समजावून सांगावे. तोफगोळ्याचे तुकडे किंवा शत्रूची गोळी सरळ रेषेत दूरवर जाऊ नये म्हणून खंदक नागमोडी खणलेले असत, आणि संगीन लावलेली ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल पाच फुटांहून लांब होत असल्यामुळे त्या वळणांवर ती फिरवणेच अवघड जाई. १९१५ साली आलेले सहा गोळ्यांचे वेब्ली रिव्हॉल्वर सुमारे सव्वाअकरा इंचांचे होते. ते मधोमध उघडले की रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडत. चिखलाने माखलेल्या हातांनी अंधारात शस्त्र पुन्हा भरावे लागणाऱ्याला याचे मोल कळे.

उत्तर २ : वाचक, बार्शी
सुभेदारसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, तरी एक भर घालावीशी वाटते. वळणापलीकडचा शत्रू दिसतच नसेल तर पिस्तूल काय करणार? तिथे हातबॉम्बच उपयोगी पडे. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये लाहोर आणि मेरठ डिव्हिजनच्या भारतीय सैनिकांना पुरेसे हातबॉम्ब मिळत नव्हते, तेव्हा आपल्या सॅपर्सनी (लष्करातील अभियंता सैनिकांनी) जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटके भरून ते तयार केले. १९१५ मध्ये मिल्स बॉम्ब आल्यावर ही उणीव भरून निघू लागली. रात्रीच्या छाप्यांत आवाज न करण्यासाठी खिळे ठोकलेले सोटे आणि सुरेही वापरले जात. खंदक खणण्याचे धार लावलेले फावडे तर कित्येकांना संगिनीपेक्षा सोयीचे वाटे. या हत्यारांविषयी बोलताना समोरही कोणाचा तरी मुलगाच होता, हे नववीतल्या मुलांना सांगणे मला आवश्यक वाटते.

जवळच्या लढाईसाठी आणखीही आखूड शस्त्रे आली. अमेरिकी सैन्याने आणलेल्या विंचेस्टर शॉटगनविरुद्ध (छऱ्यांच्या बंदुकीविरुद्ध) जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये अधिकृत निषेध नोंदवला होता, आणि त्याच वर्षी जर्मनांनी स्वतः एमपी-१८ ही आखूड सबमशीनगन (पिस्तुलाच्या गोळ्या झपाट्याने झाडणारी बंदूक) रणांगणावर आणली.

उत्तर ३ : प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा मी मनःपूर्वक आभारी आहे. सैनिकांच्या हाती आता रायफली देत आहोत, पिस्तूल फक्त अधिकाऱ्याकडे ठेवत आहोत आणि सरळ केलेला खंदक मोडून नागमोडी करत आहोत. शेजारी पाच फुटांची एक काठी आणि सव्वाअकरा इंचांची एक पट्टी ठेवू, म्हणजे पाहणाऱ्यांना दोन्ही स्वतः वळणावर फिरवून पाहता येईल.