उजनीच्या साठ्याच्या चार वर्षांच्या रेषा एकाच आलेखात (पायथन)

शेंगाचटणी:
उजनी धरणाचा रोजचा उपयुक्त साठा टक्क्यांत आणि सोलापूर शहराचा रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२४, एकाच सीएसव्हीत आहे. पांडाज आणि मॅटप्लॉटलिब वापरतोय. लूप लावला की दर वर्षाची वेगळी खिडकी उघडते. लूप काढला तर चारही वर्षं एकापुढे एक पसरतात. जूनवर जून, ऑगस्टवर ऑगस्ट बसवायचाय, त्यावरच पाऊसही. शिवाय खालच्या अक्षावर तारखांचा नुसता काळा पट्टा दिसतो.

भीमाकाठ:
काळा पट्टा म्हणजे तारखा अजून मजकूरच आहेत, प्रत्येक ओळीला एक लेबल छापलं जातंय. टू-डेटटाइम वापरा आणि डेफर्स्ट ट्रू द्या, नाहीतर ०५-०६-२०२३ ही ५ जूनऐवजी ६ मे होईल.

वेगळ्या खिडक्यांचं कारण लूपच्या आतली फिगर किंवा शो ही ओळ. सबप्लॉट्स लूपच्या आधी एकदाच. आत फक्त प्लॉट, त्यात लेबल म्हणून वर्ष. लेजंड आणि शो लूप संपल्यावर.

आता मुख्य काम. धरणासाठी कॅलेंडर वर्ष घेऊ नका, जून ते मे असं पाणीवर्ष धरा, म्हणजे भरणं आणि उतरणं एका सलग रेषेत दिसतं. नवा कॉलम करा: महिना ६ किंवा पुढचा असेल तर तारखेतलं वर्ष बदलून १९९९, नाहीतर २०००. दिवस आणि महिना तोच. २००० हे लीप वर्ष मुद्दाम घेतलंय. २००१ घेतलंत तर २९ फेब्रुवारी २०२४ च्या ओळीवर एरर येईल. ग्रुपबाय खऱ्या पाणीवर्षावर, एक्स अक्षावर हा नवा कॉलम. अक्षावर १९९९ दिसू नये म्हणून मंथलोकेटर आणि फक्त महिन्याचं नाव दाखवणारा डेटफॉरमॅटर लावा. तारखेनुसार सॉर्ट केलं नाही तर रेषा मागेपुढे धावते.

आणि हो, तुमच्या चार वर्षांच्या पाच रेषा होतील. २०२०-२१ ची जानेवारीपासूनच, २०२४-२५ ची डिसेंबरपर्यंतच.

सातरस्ता:
वाय अक्ष शून्यापासून सुरू करू नका. उजनीचा मृतसाठा (तळाचा, उपयुक्तात न धरलेला) ६३.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), उपयुक्त ५३.५७. ० टक्के म्हणजे धरण रिकामं नव्हे, मृतसाठ्याची पातळी. उन्हाळ्यात आकडा उणे जातो आणि नेमका तोच भाग कापला जाईल. शून्यावर ॲक्सएचलाइनने (axhline) बारीक रेघ मारा. एकूण पाणी हवं असेल तर ६३.६५ + टक्के × ०.५३५७, उणे ४० टक्के म्हणजे सुमारे ४२.२ टीएमसी.

पावसाचं म्हणाल तर ट्विनएक्सने उजवीकडे दुसरा अक्ष मिळतो, पण पाच वर्षांचे स्तंभ एकमेकांवर पडून चिखल होईल. एखाद्याच वर्षासाठी ठीक. दोन्ही अक्षांची लेजंड वेगळी बनतात आणि एकमेकांवर चढतात. दोघांचे हँडल आणि लेबल गोळा करून एकच लेजंड द्या. त्यापेक्षा दोन मजली आलेख करा, शेअरएक्स ट्रू, खाली पाणीवर्षानुसार पावसाची कमसम (चढती बेरीज).

तरी एक सांगतो, शहरातला पाऊस आणि उजनी यांचं नातं शोधत असाल तर फार हाती लागणार नाही. उजनी भरते ती वर पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. दौंडला भीमेतून उजनीकडे येणारा विसर्ग घ्या.

शेंगाचटणी:
पाच रेषा आल्या, २०२०-२१ वगळली. दौंडचे आकडे क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आहेत, साठा तुमच्या सूत्राने टीएमसीत. मेळ कसा घालू?

सातरस्ता:
१ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, दिवसात ८६,४०० सेकंद. त्यामुळे ११,५७४ क्युसेक २४ तास चालला की १ टीएमसी. दिवसाच्या सरासरी क्युसेकला ०.००००८६४ ने गुणा, मग कमसम. सकाळी ६ चा एकच आकडा दिवसभराचा धरू नका, विसर्ग तासागणिक बदलतो. तासाचे आकडे असतील तर ०.०००००३६ ने.