मुलांच्या चिवटपणावर रिसर्च, हे करिअर असतं का हो?

दापोलीकर
नमस्कार मंडळी. लेक मुंबईत एमए सायकॉलॉजी झाली, नेटची परीक्षा पण सुटली. आता म्हणते पीएचडीच करणार, आणि विषय काय तर घरात सगळं वाईट असून काही मुलं नीट कशी वाढतात. रेझिलियन्स म्हणे. मराठीत बघितलं तर लवचिकता, मला वाटलं योगासनं. तिची आई म्हणते त्यापेक्षा क्लिनिक टाक. आमचं आंबा-काजूवर चाललेलं घर, पाच वर्षं अजून थांबायचं म्हणजे विचार करावा लागतो. ह्यात कोणी आयुष्य काढलंय का खरंच?

पुण्यात_पीएचडी
काढलंय की. एमी वर्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांचा अभ्यास बघा. हवाईतलं काउआई बेट, ऊस आणि अननसाचे मळे, तिथे १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं घेतली आणि ती चाळिशीला येईपर्यंत टीमने परत परत जाऊन गाठली, १, २, १०, १८, ३२ आणि ४० व्या वर्षी. गरिबी, जन्माच्या वेळच्या अडचणी, घरात दारू नाहीतर मानसिक आजार, असं चारचार बाजूंनी घेरलेली साधारण दोनशे मुलं होती, त्यातली ७२ अगदी व्यवस्थित निघाली. का, तर बहुतेकांना आईबापांपैकी नाहीतर बाहेरचं, कोणीतरी एक माणूस धरून होतं. आजी, मावशी, शाळेतल्या बाई. आता पैशाचं. नुसतं नेट आहे की जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, ते आधी विचारा, जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं, नसेल तर मात्र ओढाताण, खोटं कशाला बोलू. आणि क्लिनिकचं पण वहिनींना सांगा, नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसता येत नाही, आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणला प्राथमिकला शिकवते. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घराघरात शिरलं ते सगळ्यांना माहितीच आहे. नंतर शाळा भरली तेव्हा चौथीतला एक मुलगा चिखलात भिजलेली वही घेऊन आलेला, एकेक पान सोडवून आजीने तव्याच्या उबेवर वाळवलेली, पानं पापडासारखी कडक आणि शाई पसरलेली, तरी तो त्याच वहीत पुढचं लिहायचा, नवी दिली तर घेईना. त्याच्याच बाकावरचा दुसरा, घर त्याचंही तेवढंच गेलेलं, तो पाऊस वाढला की दप्तर भरून दारात उभा. दोघांत फरक कशाने पडला ते मला आजही सांगता येत नाही, तुमची लेक शोधणार असेल तर शोधू दे की.

खाडीपलीकडे
सगळं ठीक पण ह्या विषयात एक गोम आहे. दोनशेतले ७२ निघाले, मग बाकीच्यांचं काय? उद्या कोणीतरी म्हणणार कोकणातली पोरं चिवट, निसर्ग वादळ पचवलं, तौक्ते पचवलं, मदत कशाला. आमच्या आळीत छपराचे पैसे यायला दीड वर्षं लागलं, तेव्हा ह्या चिवट शब्दाचा मला रागच येतो.

पुण्यात_पीएचडी
खाडीपलीकडे, मुद्दा बरोबर. पण वर्नरबाई नंतरही गेल्या तेव्हा दिसलं की अठराव्या वर्षी गाडी रुळावरून घसरलेली बरीच मुलं तिशी-चाळिशीत सावरली होती, कोणी परत शिकून, कोणी सैन्यात जाऊन, कोणाला चांगला जोडीदार मिळून. अठराव्या वर्षी फाइल बंद केली असती तर हे कळलंच नसतं. आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टन, त्यांनी २००१ मध्ये ह्याला ऑर्डिनरी मॅजिक म्हटलं, म्हणजे मुलं जगावेगळी नसतात, साध्या गोष्टी जागेवर असाव्या लागतात, घर, शाळा, जीव लावणारं माणूस. मग त्या जागेवर ठेवायचं काम कोणाचं, हा प्रश्न उलट जास्त जोरात विचारता येतो.

दापोलीकर
सगळ्यांचे आभार. रात्री लेकीला वाचून दाखवलं, ७२ चा आकडा तिला पाठच होता. म्हणाली बाबा तुम्ही चौदा वर्षं चाकरमानी, गणपती-शिमग्याला चार दिवस यायचात, मग मी कोणाच्या जिवावर वाढले? माझी आई पडवीत सुपारी कातरत बसलेली, तिने वर पण बघितलं नाही. जेआरएफ आहे म्हणे. बायको अजून क्लिनिकवर अडून आहे, तो आरसीआयचा मुद्दा आता तिला कोण सांगणार तेवढं बघतो.