कल्याणव्यवस्था आणि 'नीट' दर: देशांची तुलना करताना काय सांभाळावं?

कोरी_पाटी:
शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्या तरुणांचं प्रमाण, म्हणजे 'नीट' (NEET) दर, घेऊन कल्याणव्यवस्थांची, म्हणजे सरकारी भत्ते आणि आधाराच्या पद्धतींची, तुलना करायची आहे. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे, म्हणजे युरोस्टॅटचे, २०२३ चे १५ ते २९ वयोगटाचे आकडे हाताशी आहेत: नेदरलँड्स ४.७ टक्के, स्वीडन ५.७, इटली १६.१, रोमानिया १९.३. समाजशास्त्रज्ञ एस्पिंग-अँडरसनच्या तीन गटांत (उदारमतवादी, परंपरावादी, सामाजिक लोकशाहीवादी) देश बसवून प्रत्येक गटाची सरासरी काढली तर चालेल का? जपानही घ्यायचा आहे.

आकडेमोड:
सरासरीची घाई नको, आधी दर फोडा. काम शोधणारे वेगळे, न शोधणारे वेगळे. समजा १०० तरुण आहेत. ६० फक्त शिकतात, ३० नोकरीत आहेत, १० काम शोधताहेत. बेकारीचा दर २५ टक्के, कारण छेदात ४०च जण. नीट दर १० टक्के, कारण छेदात सगळे १००. आता त्या दहांपैकी पाच जणांनी कंटाळून शोधणं सोडलं. बेकारी १४ टक्क्यांवर येते, नीट दर मात्र १०च राहतो. सरकार बेकारी घटल्याचं सांगतं, पण ती पाच मुलं आणखी लांब गेलेली असतात.

शिवाय आठवड्यात मोबदल्याचं एक तास काम केलं तरी माणूस नोकरीत धरला जातो, आणि मागच्या चार आठवड्यांत एखादा अनौपचारिक अभ्यासक्रम केला तरी नीटमधून बाहेर पडतो. भत्त्याच्या बदल्यात छोट्या प्रशिक्षणांना धाडणाऱ्या देशांचा दर त्यामुळेही कमी दिसतो.

जपानचा अधिकृत आकडा सरळ शेजारी ठेवू नका. तिथे वयोगट १५ ते ३४, आणि काम शोधणारे व घरकाम करणारे दोन्ही वगळलेले.

उंबरठा:
तीन गटांत दक्षिण युरोप धड बसत नाही. फेरेरा या अभ्यासकाने १९९६ मध्ये तो वेगळा काढला. तरुणांसाठी वाल्थर या अभ्यासकाचं २००६ चं वर्गीकरण जास्त कामाचं: सार्वत्रिक, रोजगारकेंद्री, उदारमतवादी आणि अपुऱ्या संरक्षणाचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक देशाचा भत्त्याचा नियम वाचा. ब्रिटनने १९८८ मध्ये १६-१७ वर्षांच्या बहुतेक मुलांचा भत्ता काढला, तशी ती बेकारांच्या नोंदीतूनही गेली. नोकरीत नाहीत, शिक्षणात नाहीत, बेकारही नाहीत. त्यांना मोजायला नवा कप्पा लागला तो इथूनच. डेन्मार्कने २०१४ पासून व्यावसायिक पात्रता नसलेल्या तिशीच्या आतल्यांचा भत्ता विद्यार्थी अनुदानाच्या पातळीवर आणला आणि त्यांना शिक्षणाकडे वळवलं. इटलीत बेकारी भत्ता आधी भरलेल्या वर्गणीवर मिळतो. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याला तो नाही, सांभाळायचं ते घरच्यांनी. मग रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला तो जाईल कशाला? युरोपीय संघाच्या २०१३ च्या युवा हमी योजनेत तरुणांना चार महिन्यांत नोकरीची, शिक्षणाची किंवा प्रशिक्षणाची संधी द्यायची आहे, पण व्यवहारात घड्याळ नाव नोंदवल्यावरच सुरू होतं. ज्याला सर्वांत जास्त गरज, तो रांगेतच नसतो.

कोरी_पाटी:
म्हणजे जर्मनीचा कमी दर तरी निखळ यश मानावा का?

उंबरठा:
अर्धाच. उमेदवारीची, म्हणजे काम करत धंदा शिकण्याची, जागा न मिळालेली बरीच मुलं वर्षभराच्या पूर्वतयारी वर्गांत असतात. ती नीट दरात मोजली जात नाहीत, पण वर्ष संपल्यावर बऱ्याचदा हातात व्यावसायिक पात्रताही नसते. पात्रतेचा रकाना वेगळा ठेवा.

तिसरा_रकाना:
स्त्री-पुरुष आणि २०-२४, २५-२९ असे तुकडे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनुसार २०२३ मध्ये जगभर १५-२४ वयोगटाचा दर २०.४ टक्के होता आणि त्यातल्या तिघांपैकी दोन मुली. चेकियासारख्या देशात पालकत्व रजा मूल तीन वर्षांचं होईपर्यंत घेता येते. रजा तीन महिन्यांहून लांब असेल आणि भत्ता नोकरीशी जोडलेला नसेल, तर जागा शाबूत असलेली आईसुद्धा नोकरीबाहेर मोजली जाते. ही व्याख्या २०२१ पासूनची आहे, म्हणून त्याआधीची मालिका जोडताना खंडाची खूण, म्हणजे व्याख्या बदलल्याची आकड्यांजवळची नोंद, तपासा.